डच वाचणारं माणूस हवं

आमच्या गावात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. लग्नाला पाहुणे येतात. हळदीला गाव येतं, शेजारची गावं येतात आणि ज्यांना बोलावलेलं नसतं तेही हक्काने पंगतीला बसतात. एवढ्या माणसांना जेवण घालणं सोपं, पाणी पुरवणं अवघड, कारण काल्हेरच्या आमच्या बाजूला नळाला पाणी त्याच्या मर्जीने येतं. म्हणून कुणाच्याही घरी हळद ठरली की आमच्याकडे निरोप येतो, ड्रम पाठवा. आमच्या शेतांवर आता गोदामं आहेत, गोदामांत भाडेकरू आहेत, त्यांचा माल निळ्या ड्रमांतून येतो आणि रिकामे ड्रम आमच्याकडे राहतात. ते धुऊन गावाला द्यायचे, हा बाबांचा मान. आमचे ड्रम गेले तिथे पाणी कधी कमी पडलं नाही, हे ते कुणी न विचारता सांगतात.

ड्रम धुण्याची त्यांची रीत ठरलेली. आधी तारेच्या घासणीने लेबल खरवडून काढायचं, कारण लेबलवाला ड्रम हळदीत बरा दिसत नाही. मग सोड्याचं कढत पाणी, मग साधं पाणी, मग गोदामाच्या उतारावर उपडे घालून उन्हात तापवायचे. शेवटी स्वतः बाबा आत डोकं घालून वास घेतात. वास आला तर पुन्हा धुवा. नाही आला तर ड्रम पास. एवढ्या वर्षांत कुणाचं पोट दुखलं नाही म्हणून गाव त्यांच्या नाकावर विश्वास ठेवतं. मी भिवंडीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझा त्या नाकावर विश्वास नव्हता, पण नाकाविरुद्ध दाखवायला हातात काही नव्हतं, म्हणून मी इतकी वर्षं नुसती कुरकुर करत आले.

गेल्या वैशाखात हळद आमच्याच घरी होती, माझ्या पुतण्याची. बाबांचा पहिला नातू. त्याच्या हळदीसाठी ड्रम जमवायला त्यांनी थंडीतच सुरुवात केली होती, आणि जवळजवळ सगळे ड्रम एकाच भाडेकरूचे होते. हा माणूस परदेशातून रसायनं आणून भिवंडीच्या डाइंगच्या आणि सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यांना लहान लहान कॅनमध्ये विकायचा. होळीच्या सुमाराला तो एकाएकी गोदाम सोडून गेला. फोन बंद. मागे उरले रिकामे ड्रम आणि एक लोखंडी कपाट. कपाट मला पुस्तकांसाठी हवं होतं म्हणून मी ते उघडलं, तर आत एक फाइल निघाली.

फाइलमधली भाषा मला आधी जर्मन वाटली. मग कळलं, डच. जो सुरक्षेचा छापील कागद अशा मालासोबत यायला हवा, तो त्यात नव्हता. होती ती कारखान्याने आपल्याच लोकांसाठी लिहिलेली टिपणं: माल कसा बनतो, कसा वागतो, कशात ठेवायचा. फोटोकॉपीची फोटोकॉपी, कडेला हाताने लिहिलेलं, कुठे तेलाचे डाग. भाषा येत नसली तरी रसायनांची नावं सगळीकडे साधारण सारखीच असतात, ती मला वाचता आली. त्यात एक नाव असं होतं की मी त्यावर बोट ठेवून ते पुन्हा वाचलं. ते रसायन शरीरात गेलं तर नसांवर परिणाम करतं. त्याला रंग नाही आणि पाण्यात ते विरघळून जातं.

पण नाव दिसलं म्हणजे वाक्य कळलं असं होत नाही. या मालात ते आहे, असं लिहिलंय? की अजिबात नाही, असं? की बनवताना असतं आणि नंतर उरत नाही? तिन्ही वाक्यांत तेच नाव येणार. मी खासगी प्रयोगशाळेत विचारलं, तर त्यांनी सांगितलं की ही तपासणी बाहेर पाठवावी लागते, निकाल येईपर्यंत तुमची हळद होऊन जाईल. मी कामतघरला त्या भाडेकरूच्या एका गिऱ्हाइकाकडे गेले. सायझिंगवाल्या शेटने खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "मॅडम, हम तो कॅन में माल लेते थे, धागे पे मारते थे. कागज किसने देखा?" त्याचंही बरोबर होतं. तो ते पीत नव्हता.

पिणार आम्ही होतो. त्या भाडेकरूचा एक ड्रम आधीच आईच्या मोरीशेजारी उभा होता, पिण्याच्या पाण्याचा. काही गावात गेले होते. काही बाबांनी पडघ्याच्या पलीकडे, पाड्यावर दिले होते, जिथून दरवर्षी लावणीला बाया आमच्याकडे येतात. आणि उरलेले उतारावर उपडे पडून नातवाच्या हळदीची वाट बघत होते.

मी बाबांना सांगितलं. आमच्याकडे बापाला तू म्हणतात. मान द्यायच्या जागा वेगळ्या असतात. मी म्हटलं, "बाबा, हे ड्रम हळदीला वापरू नको."

"कनाला?"

"आत काय होतं ते नक्की माहीत नाही."

"मना माहीत हाय. काय बी न्हवता. मी वास घेतलाय."

तेवढ्यात माझ्या भावाने फाइलच्या पहिल्या पानाचा फोटो काढून फोनकडून इंग्रजी करून घेतलं. टिपणांच्या वर लावलेलं ते पान म्हणजे मालाची जाहिरात. फोनने सांगितलं की माल पारदर्शक आहे, उत्तम दर्जाचा आहे आणि त्याला वास नाही. भावाने ते मराठीत वाचून दाखवलं. बाबा खूश झाले.

"बघ. कंपनीच लिवते, वास न्हाय."

"बाबा, ती तारीफ नाही. वास नाही म्हणजे तुझ्या नाकाला ते कधीच सापडणार नाही."

त्यांना ते पटलं नाही. मी पुढच्या पानांवर फोन चालवला. धूसर अक्षरांवर फोन अडखळत होता. एकाच परिच्छेदाचं त्याने सकाळी एक सांगितलं आणि संध्याकाळी दुसरं. आणि हे मी बाबांच्या समोर केलं, हा माझा मूर्खपणा. त्यांनी आयुष्यभर जमिनीचे कागद पाहिले आहेत. गोदामं येण्याआधी किती लोक कागद घेऊन दारात आले आणि काय काय वाचून दाखवून गेले, ते त्यांच्या डोक्यात पक्कं आहे. नुसत्या कागदाला ते भीक घालत नाहीत. कागदामागे माणूस लागतो, सही करणारा, ज्याला धरून विचारता येईल.

"फोनचा मना सांगू नको," ते म्हणाले. "आज येक बोलतं, उद्या दुसरा. मानूस आन. त्या भाषेचा, सही करनारा. तो बोलला त डरम सोरतो. न्हायतर हलद याच डरमावर व्हनार."

ठीक आहे, म्हटलं. माणूस आणते. मी चिडके आहे, हे माझे विद्यार्थी सांगतील, पण चिडले की मी कामाला लागते, हा त्यातला फायदा.

मुंबईत अनुवाद करून देणाऱ्या कचेऱ्या आहेत, पाटीवर जगातल्या सगळ्या भाषा. पहिल्या ठिकाणी फोन उचललेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, जर्मन चालेल का? जर्मन आहे आमच्याकडे." जणू मी साखर मागत होते आणि तिच्याकडे गूळ होता. दुसऱ्या कचेरीने मात्र सांगितलं, डच आहे, केमिस्ट्री आहे, सगळं आहे, पाठवा. मी अर्धं पान नमुना म्हणून पाठवलं. चहा पिऊन होतो तोवर इंग्रजी परत आलं. गुळगुळीत इंग्रजी. वाचताना ओळखीचं वाटलं, म्हणून माझ्या फोनशी ताडून पाहिलं. तेच. जिथे फोनने मूर्खासारखं काहीतरी लिहिलं होतं, तिथे यांच्याकडेही तोच मूर्खपणा, फक्त वर कचेरीचं नाव. मी त्यांना फोन करून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. समोरचा गृहस्थ शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्हाला नक्की कशासाठी हवंय? नुसती फाइल भरायची असेल तर हे चालतं." फाइल भरायची असेल तर चालतं! घरी येऊन मी आईच्या मोरीशेजारचा ड्रम रिकामा केला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पुन्हा भरलेला. आई म्हणाली, "तुझ्या बापाला वाईट वाटंल." मी वाद घातला नाही. मला वाद घालायला एक सही हवी होती.

कुणीतरी सांगितलं की पुण्यात एक इतिहासाचे अभ्यासक आहेत, ते डच वाचतात. जुन्या व्यापारी दप्तरांसाठी शिकले. मी पानं पाठवली. त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला, आणि हा मनुष्य मला फार आवडला, कारण तो नाही म्हणाला. "बाई, लवंगा, मिरी, जहाजं, तोफा, यांच्यातलं डच मला येतं. तुमच्या पानात क्रियापदं माझ्या ओळखीची आहेत, बाकी कुणीच नाही. मी केलं तर अंदाज होईल. अंदाजावर तुम्ही पाणी पिणार आहात का?" मग त्यांनीच वाट दाखवली. त्या देशात अनुवादक शपथ घेऊन काम करतात, म्हणाले, केलेल्या कामावर सही देतात, आणि त्यांचे विषय ठरलेले असतात. कोर्टाचं करणारा औषधांचं करत नाही. रसायनं करणारा शोधा.

मग मी शोधत बसले. कॉलेज सुटलं की स्टाफरूममध्ये बसून पत्रं पाठवायची. उत्तरं सभ्य येत. एक म्हणे, मी करार आणि मृत्युपत्रं करतो. एक म्हणे, मी इंग्रजीतून डचमध्ये करतो, उलट दिशेने नाही. हे मला नवीन होतं. मी समजत होते की रस्ता दोन्हीकडून सारखाच असतो, पण त्याने समजावलं की माणूस आपल्या भाषेत लिहितो आणि दुसऱ्याची वाचतो, त्यामुळे तुम्हाला इंग्रजीत लिहिण्याची सवय असलेला हवा. एकाने होकार दिला आणि मुदत सांगितली ती हळदीनंतरची. एकजण लगेच तयार झाला. त्यालाही मी ते अर्धं पान पाठवलं आणि त्याचंही फार लवकर परत आलं. लवकर परत आलं की आता माझ्या कपाळावर आठी पडायला लागली होती. घरी मांडवाची बोलणी चालली होती. बाबा जेवताना विचारत, "मिलाला का तुझा मानूस?" मी म्हणे, "मिळेल." ते म्हणत, "मिलू दे," आणि भातावर आमटी घेत. त्यांना खात्री होती की असा माणूस जगात नाही. कधी कधी मलाही तसंच वाटे, आणि ते वाटलं की मी अजून एक पत्र पाठवी.

शेवटी एका बाईंचं उत्तर आलं. त्यात होकार नव्हता, नकार नव्हता, प्रश्न होते. या कागदांची याहून स्वच्छ प्रत आहे का? कडेला हाताने लिहिलेलं कुणाचं, कारखान्याचं की विकणाऱ्याचं? आणि शेवटी: हे कोण वाचणार आहे, आणि वाचून तो काय करणार आहे? आतापर्यंत एकानेही हे विचारलं नव्हतं. मी सगळं लिहिलं. गोदाम, ड्रम, हळद म्हणजे काय, आणि हे माझा बाप वाचणार आहे, म्हणजे मी त्याला वाचून दाखवणार आहे, आणि वाचून तो आईच्या पाण्याचा ड्रम उचलेल किंवा उचलणार नाही. उत्तर आलं की त्या अनुवादक होण्याआधी रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होत्या. हातातलं काम बाजूला ठेवून आधी हे घेते, पण घाई करणार नाही.

मी भावाला घेऊन ट्यूबलाइटखाली प्रत्येक पानाचे नवे फोटो काढले, डाग असलेले तिरके धरून. बाईंनी आणखी प्रश्न पाठवले. मी उत्तरं दिली. मग इंग्रजी आलं, सहीसकट. ते अजिबात गुळगुळीत नव्हतं. दोन ठिकाणी जागा कोरी सोडली होती आणि खाली टीप होती: इथलं अक्षर मला वाचता आलं नाही, म्हणून मी काही लिहिलेलं नाही. त्या कोऱ्या जागा पाहून मला रडू आलं. स्टाफरूममध्ये दोघी सहकारी होत्या, त्यांना वाटलं घरचं कुणी गेलं.

बाकीचं सगळं स्पष्ट होतं. ते रसायन मालात थोडं उरतं. रिकामं पिंप भरलेल्यासारखंच समजावं. धुतलं तरी माणसाच्या किंवा जनावराच्या पाण्यासाठी ते वापरू नये.

बाबांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि सहीवर बोट ठेवलं. "ही कोन?" मी सांगितलं. "कुठं ऱ्हाते? मना तिच्याशी बोलाचा हाय."

मला वाटलं होतं हा कागद म्हणजे शेवट. पण त्यांच्या हिशेबाने तेही बरोबर होतं. सहीमागे माणूस हवा, तर माणूस दिसायला हवा. मी बाईंना विचारलं, त्यांनी वेळ दिली. दुपारी गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बाबा बसले, स्वच्छ सदरा घालून. फोन मी धरला. पडद्यावर पिकल्या केसांच्या, चष्मा लावलेल्या बाई आल्या. बाबांनी हात जोडले. बाईंनी मान लववली. मग बाबांनी फोन उतारावरच्या ड्रमांकडे वळवायला लावला, एकेक ड्रम दाखवला, आणि मला म्हणाले, "तिला इचार, तिच्या घरी असा डरम असता त काय केला असता?"

मी विचारलं. बाईंनी आधी समोरचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मी अनुवादक आहे. कागदावर जे आहे त्याची जबाबदारी माझी, त्यात माझ्या मनाचं एक वाक्य नाही. तुम्ही जे विचारताय ते कागदावर नाही, म्हणून हे माझं स्वतःचं समजा. माझ्या घरच्या माणसांना मी यातून पाणी देणार नाही."

मी ते मराठीत सांगितलं. सांगताना एक शब्दही कमीजास्त होऊ नये म्हणून मी इतकी जपत होते की माझाच आवाज मला परका वाटला. "तिला बोल, कलला," बाबा म्हणाले. खुर्ची उचलून आत ठेवली, घरी गेले आणि आईच्या मोरीशेजारचा ड्रम आडवा केला. पाणी अंगणभर झालं. आई पदर खोचून खराट्याने ते पाणी बाहेर लोटायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून बाबा टेम्पो घेऊन गावात फिरले. मीही सोबत गेले. पहिल्या घरी बाईने हसत ड्रम काढून दिला, "नातवाची हलद ना, न्या." तिला वाटलं हळदीसाठी गोळा करतोय. बाबांना तसंच चालू देता आलं असतं. पण ते उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, "हलदीला न्हाय. डरम खराब हाय. मीच दिलेला. मना ठावं न्हवता." हेच वाक्य त्यांनी प्रत्येक दारात म्हटलं. कुणी हसलं, कुणी म्हणालं आता म्हातारपणी कशाला, एकाने तर दार लावून घेतलं. त्यांनी पुन्हा जाऊन ते दार वाजवलं. माझा बाप मला त्या दिवशी जेवढा आवडला तेवढा कधीच आवडला नव्हता.

मग पडघ्याच्या पलीकडे, पाड्यावर. लावणीला येणारी एक म्हातारी तिथे आहे, बाबांच्याच वयाची. ड्रम तिच्या झोपडीसमोर सावलीत होता, वर फडकं बांधलेलं. बाबांनी तिला सगळं सांगितलं. मी डच बाईंचं सांगितलं, नसांचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"ने," ती म्हणाली. "पन मंग पानी कशात भरू त्या सांग."

एवढा शोध घेतला, एवढी पत्रं लिहिली, आणि या प्रश्नाचा मी एकदाही विचार केला नव्हता. मला लाज वाटली. बाबा टेम्पोवाल्याला म्हणाले, "गारी फिरव."

हळदीसाठी त्यांनी नवीन टाक्या मागवल्या होत्या, पिण्याच्या पाण्याच्या, ड्रमांच्या जागी. त्या आमच्या अंगणात येऊन पडल्या होत्या. त्याच दिवशी त्या पाड्यावर गेल्या. तिथे लावल्या, भरल्या, आणि मगच तिथले ड्रम आम्ही उचलले. भाऊ म्हणाला, हळद तोंडावर आली आहे, आता कुठून आणायच्या. दुकानदाराकडे एवढ्या लवकर पुन्हा तसल्या टाक्या मिळणार नव्हत्या. भाड्याचे हंडे, पातेली, टँकर, जे मिळेल ते आणलं.

ते पुरलं नाही. पंगती अर्ध्यावर असताना पाणी संपलं. टँकर हायवेवर कुठेतरी अडकला होता. बँजोवाले वाजवायचे थांबले होते, लोक रिकामे ग्लास घेऊन बसले होते, आणि पुतण्याच्या सासरकडचा एक पाहुणा मोठ्याने म्हणाला, "ड्रमवाल्यांच्याच घरी पानी कमी परला का?" आजूबाजूला हसू पसरलं. मी पुढे झाले, मला सगळ्यांना सांगायचं होतं. बाबांनी माझा हात धरला. मग तांब्यात जे उरलं होतं ते घेऊन ते त्या पाहुण्यापाशी गेले, वाकले आणि त्याच्या ग्लासात ओतलं.

"हां, कमी परला," ते म्हणाले. "पन हा साफ हाय. पी."